संकलक आणि जुनी भाषामानके

संगणकाच्या उच्चस्तरीय भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीस संकलक अथवा कंपायलर म्हणतात. फोर्ट्रान, कोबोल, सी, सी प्लस प्लस इ. भाषांपैकी प्रत्येकीत कोणती वाक्यरचना ग्राह्य आहे आणि तिचा अर्थ काय होतो, हे ठरवून देणाऱ्या अधिकृत दस्तऐवजास त्या भाषेचे मानक म्हणतात. मानकात वेळोवेळी सुधारणा होते. परंतु आधीच्या मानकानुसार लिहिलेल्या आज्ञावल्या पुढेही पुष्कळ वर्षे वापरात राहतात. म्हणून बहुतेक संकलकांत अमुक वर्षाच्या मानकानुसार संकलन करावे, असे सांगण्याची सोय असते. तथापि एकच जुने मानक निवडले, तरी एखादी रचना एक संकलक नाकारतो, दुसरा केवळ इशारा देऊन पुढे जातो आणि तिसरा ती निमूटपणे स्वीकारतो. वरवर पाहता हा बेशिस्तपणा वाटतो. पण त्यातील बराचसा भाग मानकाच्या शब्दांस धरूनच असतो. शुद्ध आज्ञावलीचा अर्थ सर्वत्र कायम राहावा, हे मानकाचे मुख्य उद्दिष्ट असते; अशुद्ध आज्ञावली नाकारलीच पाहिजे अशी सक्ती ते सहसा करीत नाही. त्यामुळे ‘संकलकाने स्वीकारली म्हणून आज्ञावली शुद्ध आहे’ हा सर्वत्र आढळणारा समज निराधार ठरतो. अभ्यासक्रमातील उत्तरांपासून हवामानाच्या गणितांपर्यंत अनेक ठिकाणी या समजामुळे चुकीचे निष्कर्ष निघू शकतात.

मानकांची परंपरा : फोर्ट्रान ही भाषा जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या संगणकासाठी तयार केली आणि तिचा संकलक १९५७ मध्ये उपलब्ध झाला. पुढे निरनिराळ्या कंपन्यांनी आपापल्या यंत्रांसाठी तिचे संकलक बनविले व प्रत्येकाने तीत स्वतःची भर घातली. त्यामुळे एका यंत्रावरील आज्ञावली दुसऱ्या यंत्रावर चालेनाशी झाली. ही अडचण दूर करण्यासाठी १९६६ मध्ये अमेरिकेत फोर्ट्रानचे मानक प्रसिद्ध करण्यात आले. त्यानंतरचे मानक १९७८ मध्ये निघाले व ते ‘फोर्ट्रान ७७’ या नावाने ओळखले जाते. पुढे फोर्ट्रान ९०, ९५, २००३, २००८, २०१८ व २०२३ ही मानके आली. कोबोल या व्यापारी भाषेची मानके १९६८, १९७४ व १९८५ मध्ये आणि त्यानंतरही प्रसिद्ध झाली.

सी ही भाषा बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी विकसित केली. ब्रायन कर्निगन व रिची यांचे १९७८ मध्ये निघालेले पुस्तक हेच प्रथम तिचे व्यावहारिक प्रमाण होते. अमेरिकेत १९८९ मध्ये तिचे मानक तयार झाले आणि १९९० मध्ये तेच आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारले गेले; म्हणून सी८९ व सी९० ही नावे वस्तुतः एकाच भाषेची आहेत. त्यानंतरची मानके १९९९, २०११, २०१८ व २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी शेवटच्या मानकास सी२३ म्हणतात. सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय मानक १९९८ मधील आहे.

नवे मानक प्रसिद्ध झाले की, औपचारिक दृष्ट्या ते आधीच्या मानकाची जागा घेते व आधीचे रद्द होते. म्हणजे आज एखादा संकलक ‘सी९०नुसार संकलन’ अशी सोय देतो, तेव्हा तो रद्द झालेल्या दस्तऐवजाचे पालन स्वेच्छेने करीत असतो. ते किती काटेकोरपणे करावे, हे ठरविणारी व तपासणारी यंत्रणा सामान्यतः नसते. संकलकांच्या वागणुकीतील भिन्नतेचे हे पहिले कारण होय.

मानकाचे बंधन : दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण मानकाच्या स्वरूपातच आहे. सीच्या मानकाने आज्ञावलीतील गोष्टींचे काही वर्ग केले आहेत. (१) वाक्यरचनेचा अथवा मानकाने घातलेल्या निर्बंधाचा भंग झाल्यास संकलकाने किमान एक निदान-संदेश दिलाच पाहिजे. हा संदेश ‘दोष’ म्हणून द्यावा की ‘इशारा’ म्हणून, आणि तो दिल्यानंतर संकलन थांबवावे की पुढे चालू ठेवावे, हे मानक सांगत नाही. (२) काही गोष्टींचे वर्तन अनिर्धारित असते. त्यांबाबत संकलकावर कोणतेच बंधन नाही. संदेश देण्याचेही नाही. (३) काही गोष्टी संकलकनिर्धारित असतात. त्यांत संकलकाने विशिष्ट निवड करावी व ती आपल्या माहितीपुस्तिकेत नमूद करावी, अशी अपेक्षा असते. उदा., साध्या पूर्णांकाची कमाल मर्यादा किमान ३२,७६७ असावी एवढेच मानक सांगते. ती प्रत्यक्षात किती असावी हे संकलक ठरवितो. (४) काही बाबी अनिर्दिष्ट असतात. फलनाला दिलेल्या राशींपैकी कोणती आधी परिगणित करावयाची, ही अशी बाब आहे. येथे संकलकाने आपली निवड नोंदविण्याचीही गरज नसते.

याशिवाय मानक संकलकाला भाषेत विस्तार करण्याची मुभा देते. पूर्णतः मानकानुसारी अशा कोणत्याही आज्ञावलीचा अर्थ त्या विस्तारामुळे बदलता कामा नये, एवढी एकच अट असते. जुन्या मानकाखाली नव्या सोयी चालू राहण्याचे रहस्य या अटीत आहे. जी सोय जुन्या मानकाच्या दृष्टीने नुसती चुकीची वाक्यरचना ठरली असती, ती स्वीकारल्याने कोणत्याही शुद्ध जुन्या आज्ञावलीस धक्का लागत नाही. म्हणून संकलककर्ते ती बंद करण्याच्या खटाटोपात सहसा पडत नाहीत. उलट ज्या सोयीमुळे शुद्ध जुन्या आज्ञावलीचा अर्थच पालटतो, ती मात्र त्यांना बंद ठेवावी लागते.

सी भाषेतील उदाहरणे : जीसीसी हा संकलक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रथम प्रसृत केला. त्यात सी९० या मानकासाठी दोन स्वतंत्र पर्याय आहेत : एक ‘सी९०’ व दुसरा ‘ग्नू९०’. दुसऱ्यात जीसीसीचे सर्व विस्तार चालू असतात. पहिल्यात त्यांपैकी मानकाशी विसंगत असणारे तेवढे बंद होतात. दोहोंतील फरक दाखविणारे एक प्रसिद्ध उदाहरण टीपेच्या खुणेचे आहे. सी९०मध्ये टीप /* आणि */ या खुणांच्या दरम्यान लिहिली जाते. ओळीच्या अखेरपर्यंत जाणारी // ही टीपेची खूण १९९९ च्या मानकात आली. आता एखाद्या आज्ञावलीत ६ //* टीप */ २ असे लिहिले असून वाक्य संपविणारे चिन्ह पुढील ओळीवर आहे, असे समजू. सी९०नुसार यातील पहिली तिरपी रेघ भागाकाराची असून तिच्यापुढे टीप सुरू होते. त्यामुळे ६ भागिले २ म्हणजे ३ हे उत्तर मिळते. १९९९ च्या मानकानुसार // पासून पुढची सर्व ओळ टीप ठरते व उत्तर ६ येते. मजकूर तोच, दोन्ही अर्थ शुद्ध आणि उत्तरे मात्र निराळी. म्हणून जीसीसी ‘सी९०’ या पर्यायात // या खुणेस टीप मानत नाही. ‘ग्नू९०’मध्ये मात्र मानतो.

याउलट चल घोषित करण्याच्या जागेचा नियम पाहावा. सी९०मध्ये महिरपी कंसांतील प्रत्येक खंडाच्या आरंभीच सर्व चल घोषित करावे लागतात. आज्ञा सुरू झाल्यावर मध्येच नवा चल घोषित करता येत नाही. ही सवलत १९९९ च्या मानकाने दिली. तथापि जीसीसीला ‘सी९०’ हा पर्याय सांगितला, तरी खंडाच्या मध्यावरील घोषणा तो काहीही न बोलता स्वीकारतो. ‘पेडँटिक’ हा आणखी एक पर्याय जोडल्यास इशारा मिळतो व त्याहून कडक पर्याय निवडल्यास दोष दाखविला जातो. मानकाने आवश्यक मानलेले सर्व संदेश हवे असतील, तर हा जादा पर्याय वापरावा, असे जीसीसीच्या माहितीपुस्तिकेतच सांगितले आहे. म्हणजे मानक निवडण्याचा पर्याय हा प्रामुख्याने अर्थ निवडण्याचा पर्याय आहे. तपासणीचा पर्याय वेगळा असतो.

मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या संकलकाने याबाबत निराळा मार्ग धरला. त्याने सीच्या बाबतीत दीर्घकाळ १९९० चेच मानक प्रमाण मानले व मध्यावरील घोषणा २०१३ च्या आवृत्तीपर्यंत नाकारल्या. त्यामुळे जीसीसीवर ‘सी९०’ म्हणून निर्वेधपणे संकलित होणाऱ्या पुष्कळ आज्ञावल्या मायक्रोसॉफ्टच्या संकलकाने परत पाठविल्या. सी११ व सी१७ ही मानके निवडण्याचे पर्याय त्यात २०२० मध्ये आले.

मानकाने रद्द केलेल्या सवलतीही लगेच नाहीशा होत नाहीत. चलाचा अथवा फलनाचा प्रकार न लिहिल्यास तो पूर्णांक समजावा आणि पूर्वी घोषित न केलेले फलन वापरल्यास ते पूर्णांक परत करते असे गृहीत धरावे, या सी९०मधील दोन सवलती १९९९ च्या मानकाने काढून टाकल्या. संकलक मात्र पुढेही केवळ इशारा देऊन अशा आज्ञावल्या स्वीकारीत राहिले. क्लँग या संकलकाने २०२३ मधील सोळाव्या आवृत्तीत आणि जीसीसीने २०२४ मधील चौदाव्या आवृत्तीत नव्या मानकांखाली त्यांना दोष ठरविले. नियम रद्द होणे व तो प्रत्यक्षात अंमलात येणे यांमध्ये सु. पाव शतकाचे अंतर पडले. या अवधीत लिहिलेल्या असंख्य आज्ञावल्या नव्या संकलकावर एकाएकी अडल्या. जुने मानक स्पष्टपणे निवडल्यास मात्र त्या अद्यापही संकलित होतात.

कोणतेच मानक न निवडल्यास संकलक स्वतःच्या पसंतीचे मानक धरतो आणि ही पसंतीही बदलत असते. जीसीसीने २०१५ पर्यंत १९८९ च्या मानकावर आधारलेली आपली बोली गृहीत धरली. त्यानंतर अनुक्रमे २०११, २०१७ व २०२५ मधील पंधराव्या आवृत्तीपासून २०२३ च्या मानकावर आधारलेली बोली गृहीत धरण्यास आरंभ केला. या शेवटच्या मानकात फलनाच्या नावापुढील रिकाम्या कंसाचा अर्थ ‘राशींविषयी काही सांगितलेले नाही’ असा न राहता ‘एकही राशी नाही’ असा झाला आहे. संकलकाची आवृत्ती बदलली की जुनी आज्ञावली अडते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. लिनक्सच्या गाभ्याने २०२२ पर्यंत आपल्या संकलनासाठी १९८९ ची बोली स्पष्टपणे निवडलेली होती. त्यावरून जुन्या मानकांची चिकाटी दिसून येते.

टर्बो सी व विदर्भातील अध्यापन : जुन्या मानकाचे पालन कसे वेगवेगळे होते, याचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे बोर्लंड कंपनीचा टर्बो सी होय. हा संकलक १९८७ मध्ये व टर्बो सी प्लस प्लस १९९० मध्ये बाजारात आला. लहान संगणकावर वेगाने चालणारा, लेखन, संकलन व चाचणी या सर्वांची एकाच पडद्यावर सोय असणारा हा संच भारतातील महाविद्यालयांत झपाट्याने पसरला आणि त्याचे व्यापारी आयुष्य संपल्यावरही अध्यापनात दीर्घकाळ टिकून राहिला. वर्धा जिल्हा ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो, त्या नागपूर विद्यापीठाच्या (२००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ) परिसरात सीचे शिक्षण घेणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी पहिली आज्ञावली टर्बो सीवरच चालविली. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या लेट अस सी या सर्व भारतात खपलेल्या पाठ्यपुस्तकाच्या पूर्वीच्या आवृत्त्यांतही याच संकलकाची पार्श्वभूमी होती.

टर्बो सी हा सीच्या बाबतीत सामान्यतः १९८९ च्या मानकास अनुसरतो. खंडाच्या मध्यावरील घोषणा तो नाकारतो. म्हणजे या मुद्द्यावर तो जीसीसीच्या ‘सी९०’ या पर्यायापेक्षा अधिक कडक आहे. मात्र टर्बो सी प्लस प्लसमध्ये नवी संचिका उघडली की, तिचे नाव आपोआप सी प्लस प्लसचे उपनाम लावूनच तयार होत असे. विद्यार्थी ते नाव तसेच ठेवीत व त्यामुळे त्यांची सीमधील आज्ञावली वस्तुतः सी प्लस प्लस म्हणून संकलित होई. मग मध्यावरील घोषणा चालत, // ही टीपेची खूण चाले आणि फलन आधी घोषित केले नसल्यास दोष दाखविला जाई. सीचे नियम म्हणून विद्यार्थ्यांनी पाठ केलेल्या काही गोष्टी अशा प्रकारे दुसऱ्याच भाषेच्या होत्या. ती दुसरी भाषाही मानकापूर्वीची होती, कारण सी प्लस प्लसचे मानक त्यानंतर ८ वर्षांनी झाले. आदान-प्रदानासाठी लागणाऱ्या शीर्षसंचिकेचे तीमधील जुने नाव मानकाने स्वीकारले नाही. जीसीसीने ते २००८ मधील ४·३ या आवृत्तीत काढून टाकले आणि तेव्हापासून टर्बो पद्धतीची आज्ञावली तेथे पहिल्याच ओळीवर अडू लागली.

मुख्य फलनाच्या प्रकाराविषयीचा मतभेदही बोधप्रद आहे. १९८९ च्या मानकानुसार ‘मेन’ या फलनाने पूर्णांक परत करावयाचा असतो. टर्बो सीवर शिकलेले विद्यार्थी मात्र ते ‘व्हॉइड’ म्हणजे काहीच परत न करणारे असे लिहितात व टर्बो सी ते स्वीकारतो. तीच आज्ञावली जीसीसीला सी म्हणून दिल्यास, जादा इशारे मागितल्याशिवाय, तो गप्प राहतो. क्लँग न मागता इशारा देतो. आणि सी प्लस प्लस म्हणून दिल्यास दोघेही ती नाकारतात. पडदा पुसणे वा एक कळ वाचणे यांसाठी टर्बो सीत असलेली फलने तर कोणत्याच मानकात नाहीत. ती बोर्लंडच्या फलनसंग्रहाचा भाग होती.

पूर्णांकाचे आकारमान हा आणखी एक मुद्दा आहे. टर्बो सीमध्ये साधा पूर्णांक १६ बिटांचा असून त्याची कमाल मर्यादा ३२,७६७ आहे. क्रमगुणिताची आज्ञावली त्यात ७ पर्यंत बरोबर चालते. ८ चे क्रमगुणित ४०,३२० असल्याने ते मावत नाही व उणे २५,२१६ असे उत्तर छापले जाते. आजच्या बहुतेक संकलकांत पूर्णांक ३२ बिटांचा असल्याने हीच आज्ञावली १२ पर्यंत बरोबर उत्तर देते व १३ पाशी चुकते. दोन्ही संकलक मानकानुसारीच आहेत. मानकाने दिलेल्या किमान मर्यादेपलीकडे जाणारी आज्ञावली मात्र सर्वत्र सारखी चालण्याची हमी देता येत नाही.

परीक्षांमध्ये विचारला जाणारा ++क + ++क यासारखा प्रश्न याहून गंभीर आहे. यात एकाच पदावलीत एकाच चलाचे मूल्य दोनदा बदलले जाते व मानकानुसार अशा आज्ञावलीचे वर्तन अनिर्धारित असते. क चे मूल्य आधी ५ असल्यास एक संकलक १३ व दुसरा १४ असे उत्तर देऊ शकतो आणि यांपैकी कोणतेही चूक ठरविता येत नाही. अशा प्रश्नास एकच ‘बरोबर’ उत्तर धरून गुण देणे म्हणजे भाषेचे नव्हे, तर एका विशिष्ट संकलकाचे ज्ञान तपासणे होय. वेगळा संकलक वापरून प्रामाणिकपणे उत्तर काढणारा विद्यार्थी त्यात विनाकारण नापास ठरतो.

फोर्ट्रान : वैज्ञानिक आज्ञावल्यांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक बसविण्यात आला व तेथे फोर्ट्रानचा वापर मोठ्या प्रमाणावर होऊ लागला. त्याचा शब्द ४८ बिटांचा होता. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील आयबीएम ७०४४ चा शब्द ३६ बिटांचा, तर आयबीएम ३६० मालिकेतील संगणकांचा ३२ बिटांचा होता. १९६६ च्या मानकात अक्षरांसाठी वेगळा प्रकार नव्हता. अक्षरे संख्यांच्या चलांतच साठविली जात आणि एका शब्दात किती अक्षरे मावतील हे यंत्रावर अवलंबून असे. सीडीसी ३६०० वर ८, आयबीएम ७०४४ वर ६ आणि आयबीएम ३६० वर ४ अक्षरे मावत. रोमन लिपीत ६ अक्षरांचे होणारे ‘वर्धा’ हे जिल्ह्याचे नाव पहिल्या दोन यंत्रांवर एका चलात बसे. तिसऱ्यावर त्याची शेवटची दोन अक्षरे दुसऱ्या चलात घालावी लागत. नावांची तुलना करणारी आज्ञावली म्हणूनच प्रत्येक यंत्रासाठी बदलावी लागे. अक्षरांचा स्वतंत्र प्रकार १९७८ च्या मानकाने दिला व जुनी पद्धत मानकातून वगळली. तरी पुष्कळ संकलक ती आजही चालवून घेतात.

आवर्तनाच्या आज्ञेबाबत जुन्या व नव्या मानकांतील फरकामुळे उत्तरच बदलते. एखाद्या पर्जन्यमापन केंद्रावर महिन्यातील पावसाच्या जितक्या दिवसांची नोंद आहे, तितक्या वेळा आवर्तन करून बेरीज करणारी आज्ञावली आहे असे समजू. वर्धा जिल्ह्यातील एखाद्या केंद्रावर उन्हाळ्यातील एखादा महिना कोरडा गेल्यास ही संख्या शून्य येईल. १९६६ च्या मानकानुसार आवर्तनाची आरंभीची मर्यादा अंतिम मर्यादेपेक्षा मोठी असता कामा नये. तशी ती असल्यास काय होते हे मानक सांगत नव्हते. त्या काळच्या अनेक संकलकांनी आवर्तन किमान एकदा पार पाडण्याची पद्धत ठेवली. १९७८ च्या मानकाने असे आवर्तन एकदाही होऊ नये, असा स्पष्ट नियम केला. जुन्या संकलकाच्या सवयीवर विसंबून लिहिलेली आज्ञावली नव्या संकलकावर कोणत्याही दोष-संदेशाशिवाय वेगळे उत्तर देईल. इंटेलच्या फोर्ट्रान संकलकात व जीसीसीतील जुन्या जी७७ या संकलकात ‘किमान एकदा’ असा पर्याय होता. २००५ मध्ये जी७७ ची जागा घेणाऱ्या जीफोर्ट्रानमध्ये तो नाही.

उपकार्यातील स्थानिक चलांचेही असेच आहे. जुन्या संकलकांत अशा चलांना स्मृतीमध्ये कायमची जागा मिळे व त्यांचे मूल्य पुढील वेळेपर्यंत टिके. मानकाने तशी हमी कधीच दिली नव्हती. मूल्य टिकवावयाचे असल्यास ‘सेव्ह’ ही आज्ञा लिहावी, असे १९७८ च्या मानकाने सांगितले. आधुनिक संकलक हे चल बहुधा तात्पुरत्या जागेत ठेवतात. अशा वेळी जुनी आज्ञावली बिनतक्रार संकलित होते, चालते आणि अधूनमधून चुकीची उत्तरे देते. जुनी वागणूक परत आणण्यासाठी बहुतेक संकलकांत खास पर्याय ठेवलेले असतात.

तपासणीविषयी फोर्ट्रानच्या मानकांनी आपली भूमिकाही बदलली. फोर्ट्रान ७७पर्यंत अशुद्ध आज्ञावली ओळखण्याची जबाबदारी संकलकावर नव्हती. मानकाबाहेरची वाक्यरचना व कालबाह्य ठरविलेल्या रचना ओळखून तसे सांगण्याची क्षमता संकलकात असली पाहिजे, ही अट प्रथम फोर्ट्रान ९०मध्ये घालण्यात आली. जीफोर्ट्रानमध्ये निवडता येणारे सर्वांत जुने मानक ९५ चे आहे. ७७ चे पालन तपासण्याचा पर्याय त्यात नाही. ९५ हे मानक निवडल्यास त्याने रद्द केलेल्या रचना दोष ठरतात. नेहमीच्या पद्धतीत त्यांवर इशारा मिळतो. आणि ‘लेगसी’ या पर्यायात तोही मिळत नाही. याच संकलकाने २०२० मधील दहाव्या आवृत्तीपासून उपकार्याला निरनिराळ्या ठिकाणांहून वेगवेगळ्या प्रकारच्या राशी पाठविणे हा दोष ठरविला. ही गोष्ट मानकाविरुद्ध पूर्वीपासूनच होती, पण चालून जात होती. त्यामुळे अनेक जुने वैज्ञानिक आज्ञावलीसंच एकाच वेळी अडले व त्यांच्यासाठी सवलतीचा पर्याय द्यावा लागला.

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत (स्थापना १९६२) मॉन्सूनच्या अभ्यासासाठी वापरली जाणारी प्रतिमाने मुख्यतः फोर्ट्रानमध्ये आहेत. त्यांचे काही भाग दशकानुदशके वाढत आलेले असून संगणक मात्र दर काही वर्षांनी बदलतो. अशा प्रत्येक स्थलांतरात आज्ञावली संकलित होणे ही केवळ पहिली पायरी असते. जुन्या व नव्या यंत्रांवरील उत्तरे ताडून पाहिल्याशिवाय नव्या यंत्रावरील निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाहीत.

कडक तपासणीचे प्रयत्न : सर्वच भाषांनी ही शिथिलता मान्य केली असे नाही. कोबोलच्या संकलकांची चाचणी घेण्याची व्यवस्था अमेरिकेच्या नौदलात ग्रेस हॉपर यांच्या पुढाकाराने सुरू झाली आणि पुढे सरकारी खरेदीसाठी अशी चाचणी महत्त्वाची ठरली. १९८५ च्या मानकासाठी तयार केलेला चाचणीसंच आजही ग्नूकोबोलसारख्या संकलकांच्या तपासणीसाठी उपयोगी पडतो. एडा या भाषेबाबत अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९८३ च्या मानकाबरोबरच अधिक कठोर धोरण अवलंबिले. संकलकाने भाषा पूर्णपणे राबवावी, तीत वजाबाकी वा भर घालू नये आणि अधिकृत चाचणीसंचातून उत्तीर्ण व्हावे, अशी अपेक्षा होती. या पद्धतीने एकरूपता आली. पण संकलक तयार करणे खर्चिक झाले. सी व फोर्ट्रान यांचा प्रसार मोठ्या प्रमाणावर होण्यास त्यांच्या संकलकांची लवचिकता काही अंशी कारणीभूत आहे.

महाराष्ट्रातील अभ्यास : संकलकांच्या अंतर्रचनेचा अभ्यास मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत दीर्घकाळ चालू आहे. धनंजय ढमढेरे यांची संकलकरचना व प्रणाली-आज्ञावली यांवरील पाठ्यपुस्तके भारतभर वापरली गेली. उदय खेडकर यांच्या नेतृत्वाखाली तेथे जीसीसीविषयीचे एक केंद्र उभारण्यात आले व त्याने या संकलकाच्या रचनेची ओळख करून देणाऱ्या कार्यशाळा घेतल्या. ज्या संकलकावर विसंबावयाचे, तो आतून कसा चालतो हे जाणणारे अभ्यासक अशा प्रयत्नांतून तयार झाले.

दक्षता : जुनी आज्ञावली नव्या संकलकावर नेताना काही पथ्ये पाळणे इष्ट असते. आज्ञावली कोणत्या मानकानुसार लिहिली आहे हे प्रथम निश्चित करून ते मानक संकलकास स्पष्टपणे सांगावे. संकलकाच्या पसंतीवर सोडू नये. तपासणीचे पर्याय वेगळे असल्याने तेही चालू करावेत. एकाहून अधिक संकलकांवर आज्ञावली चालवून पाहावी. एकाने न दाखविलेला दोष दुसरा दाखवितो. सर्व संकलक गप्प राहिले, तरी अनिर्धारित वर्तन शिल्लक असू शकते. म्हणून ज्यांची उत्तरे आधीपासून ज्ञात आहेत अशी उदाहरणे सोडवून निष्कर्ष पडताळावेत. त्यांत शून्य नोंदी, सर्वांत मोठी संख्या यांसारख्या टोकाच्या स्थिती अवश्य असाव्यात. आज्ञावलीच्या मजकुराबरोबरच संकलकाचे नाव, त्याची आवृत्ती, निवडलेले पर्याय व यंत्राचा प्रकार यांची नोंद जपून ठेवावी. ही नोंद नसल्यास मजकूर अक्षरशः तोच राहूनही मूळ उत्तर कसे आले होते, हे पुढील काळात सांगता येत नाही.